कोंबड्या मोकळ्याच राहतील

आमच्या परसातून तिसरी कोंबडी नाहीशी झाली, त्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला गुन्हेगार कोण ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. आणि प्रत्येकाचा गुन्हेगार वेगळा होता.

"कुत्रा," शेजारच्या काकू कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या. "दुसरं कोण असणार? टेम्पोवाल्याचा तो दांडगट बघितलात ना? काल अगदी तृप्त दिसत होता." काकूंकडे बोका आहे.

"बोका," टेम्पोवाला टेम्पोखालून म्हणाला. तो कायम टेम्पोखाली असतो, त्यामुळे त्याचं मत आधी पायांकडून ऐकावं लागतं. "काका, त्या बोक्याचं पोट बघा. माणसाला एवढं पोट सुटायला सरकारी नोकरी लागते." टेम्पोवाल्याकडे कुत्रा आहे.

राहिले पलीकडचे मोजणीदार. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात मोजपट्टी असते आणि ते कशाचंही अंतर काढतात. त्यांच्याकडे ना कुत्रा, ना बोका. तेव्हा हा गृहस्थ तरी निःपक्षपाती बोलेल अशी माझी समजूत होती. त्यांनी गंभीरपणे आकाशाकडे बोट केलं. "घार. काकूंच्या त्या झाडाच्या शेंड्यावर बसते आणि सरळ तुमच्या परसात उतरते. ते झाड काढलं की प्रश्न मिटला." त्या झाडाची पानं वर्षभर मोजणीदारांच्या पन्हाळीत पडतात.

कोणी सल्ला दिला की आधी त्याचं त्यात येणं काय नि देणं काय ते बघावं, ही माझी जुनी खोड. नोकरीभर मी गोदामात साठा तपासत असे. माल कमी भरला की गोदामवाला उंदरांचं नाव घेई, हमाल पावसाचं, आणि वरचा साहेब माझं. उंदीर आणि पाऊस सही करत नसल्यामुळे बोलणी शेवटी मीच खाई. त्या सगळ्या वर्षांत मी जे मुख्य काम केलं ते म्हणजे कुलपं ओढून बघणं. सकाळी ओढून बघायची, संध्याकाळी ओढून बघायची. म्हणूनच निवृत्त झाल्यावर कोंबड्या आणल्या तेव्हा मी भर गल्लीत जाहीर केलं होतं की, या घरात एक तरी गोष्ट कुलपाविना राहील. माझ्या कोंबड्या मोकळ्या फिरतील. परसात, कुंपणाशी, वाटल्यास पायरीवर. अंधार पडला की आपल्या पायांनी पडवीत येतील आणि झोपतील.

हे मी जरा मोठ्याने बोललो, एवढं कबूल. पण बोललो ते बोललो.

आमच्या घरातून या धोरणाला सुरुवातीला विरोध होता. "अंडी दुकानात मिळतात," हिने सांगितलं, "आणि दुकानातली अंडी चपलांवर घाण करत नाहीत." पण पुढे तिनेच त्या पाखरांना नावं ठेवायला सुरुवात केली. सगळ्यांच्या पुढे मान ताठ करून चालणारी ती मुख्याध्यापिका. उघड्या दारातून घरात डोकावून जाणारी ती चौकशी. बाकीच्यांना स्वभाव यायचा होता.

पण तिचा विरोध खऱ्या अर्थाने संपला तो साडूंमुळे.

आमचे साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जाळ्या विकतात. तारेची जाळी, खिडकीची जाळी, पिंजरे, फाटकं. माणसाने कुठेही मोकळी जागा ठेवली की त्यांना ते स्वतःचं नुकसान वाटतं. मागे एकदा ते जाळीची भेंडोळी आमच्या परसाच्या कोपऱ्यात टाकून गेले होते. "असू द्या तुमच्याकडे, राव. भाव वाढणार आहेत." भाव वाढले की नाही कोण जाणे, भेंडोळ्यांवर गवत मात्र वाढलं.

तिसऱ्या कोंबडीची बातमी त्यांच्यापर्यंत त्याच संध्याकाळी पोचली. बहिणी-बहिणींच्या फोनपेक्षा वेगवान यंत्रणा अजून निघायची आहे. साडू आले, पाय पसरून बसले, आणि हसले.

"मोकळ्या कोंबड्या! मोकळ्या कशासाठी, राव? मतदानाला जायचंय का त्यांना? आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं सांभाळलीत आणि आता स्वतःचा माल उघड्यावर टाकलात. मी पिंजरा देतो. घरचाच भाव लावतो."

मी काहीतरी तडाखेबंद बोलणार होतो. सुचत होतं, एवढ्यात ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात लाटणं होतं. ते योगायोगाने होतं असं ती अजूनही म्हणते.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या आमच्या कोंबड्या आहेत. कुठे फिरायचं ते आमचं आम्ही बघू."

"बघा की! सगळ्या संपेपर्यंत बघा."

त्या वाक्यानंतर आमच्या घरात पक्षभेद उरला नाही.

मग आम्ही उपाय सुरू केले. घारीसाठी परसभर दोऱ्या बांधून त्यांना जुन्या चकचकीत सीडी लटकावल्या. घार आली नाही, काकू आल्या. त्यांच्या भिंतीवर दिवसभर उजेडाचे ठिपके नाचायला लागले होते आणि बोका ते पकडायला धावून फडताळावरून पडला होता. दोऱ्या काढल्या.

मग बुजगावणं केलं. त्याला माझी ऑफिसची विजार, बुशशर्ट आणि टोपी चढवली. कोंबड्या त्याला अजिबात बुजल्या नाहीत. मुख्याध्यापिका तर सकाळपासून त्याच्या खांद्यावर बसून परसावर नजर ठेवायला लागली. फसली ती माणसं. कुरियरवाला त्याला पत्ता विचारून, उत्तर मिळालं नाही म्हणून "काय माणूस आहे!" असं म्हणत पाकीट घेऊन परत गेला. आणि मोजणीदार संध्याकाळी मला म्हणाले, "सकाळी बराच वेळ बोललो तुमच्याशी. पहिल्यांदाच तुम्ही मध्ये न बोलता ऐकून घेतलंत. बरं वाटलं."

हा टोमणा होता की चूक, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन्हीपैकी एक उत्तर मिळालं असतं, आणि मला दोन्ही नको होती. बुजगावणं काढलं.

त्याच आठवड्यात चौथी कोंबडी गेली. कुंपणाजवळ नुसती पिसं. चौकशी दिवसभर त्या पिसांभोवती फिरत राहिली. हिने ती पिसं गोळा केली आणि केराच्या टोपलीत न टाकता कुंडीतल्या मातीत पुरली. ते बघून मी पायांत चपला घातल्या आणि नगरपालिकेत गेलो.

आता नगरपालिकेत जाऊन कोणाचं भलं झालंय, असं तुम्ही म्हणाल. मी स्वतः नोकरीभर टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. आतल्या बाजूची भाषा आपल्याला येते, असा माझा गर्व होता.

"काय हरवलं?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"कोंबड्या."

"हरवल्या की चोरीला गेल्या?"

"खाल्ल्या गेल्या."

"कोणी खाल्ल्या?"

"तेच तुम्ही शोधावं म्हणून आलोय."

"असं कसं? कोणी खाल्ल्या ते ठरल्याशिवाय विभाग कसा ठरणार?" त्याने मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. "कुत्र्याने खाल्ल्या तर शेजारची खिडकी. पाळीव मांजराने खाल्ल्या तर मालकाशी आपसात मिटवा. घारीने किंवा मुंगसाने खाल्ल्या तर वनखातं. पण तिथे जपून बोला. मुंगसाला कायद्याचं संरक्षण आहे. वनखातं मुंगसाच्या बाजूचं असतं."

"आणि कोंबडीच्या बाजूचं खातं कुठलं?"

कारकून भला माणूस होता. त्याने खरोखर विचार केला, पंख्याकडे बघितलं, मागच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्यांनीही विचार केला.

"तसं खातं नाही," तो म्हणाला. "बरं, तुम्ही कोंबड्या ठेवता कुठे?"

"ठेवत नाही. त्या फिरतात."

त्याचं पेन थांबलं. इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण तत्त्वाचा प्रश्न आला की माझी जीभ माझं ऐकत नाही. मी त्याला सगळं धोरण समजावून सांगितलं: कुलपं, गोदाम, मोकळीक, सगळं. रांगेतल्या लोकांनीही ऐकलं. एकाने मान डोलावली. बोलणं संपलं तेव्हा माझ्या हातात माझ्याच नावाची नोटीस होती. वस्तीत पक्षी मोकाट सोडल्याबद्दल. शुक्रवारी निरीक्षक पाहणीला येतील. कोंबड्या बंदिस्त आढळल्या नाहीत तर जप्त करून नेण्यात येतील.

फिर्यादी म्हणून आत गेलेला माणूस आरोपी होऊन बाहेर आला. येताना रिक्षासुद्धा मिळाली नाही.

"म्हणजे शुक्रवारी त्या उरलेल्याही जाणार?" हिने नोटीस वाचून विचारलं. आवाज नेहमीचा होता, पण नोटिशीचा कागद तिने दोनदा घडी केला आणि दोनदा उलगडला. मुख्याध्यापिका, चौकशी आणि त्या दोघीजणी, ज्यांना आता कुठे स्वभाव यायला लागला होता.

"नाही जाणार," मी म्हणालो.

"कशा नाही जाणार?"

हे मात्र मला माहीत नव्हतं.

गुरुवारी साडूंचा पिंजरा आला. मी मागवला नव्हता. थोरल्या मेव्हणीने बहिणीच्या काळजीपोटी पाठवायला लावला होता. पाइपाची चौकट, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, माझ्या कपाळाएवढी उंची, आणि दाराला साडूंच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं आपोआप बसणारं कुलूप. दार लोटलं की खटकन बंद. किल्ली साडूंकडे. "उद्या येतो किल्ली घेऊन, पाहणीच्या आधी. तुमची मेव्हणीही येतेय. विजय बघायला माणसं हवीत," असं त्यांनी फोनवर सांगितलं. तोवर दार उघडं राहावं म्हणून त्याच्यात विटेचा तुकडा अडकवला होता.

शुक्रवारी सकाळी ही बहिणीला आणायला बसथांब्यावर गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा," ती म्हणाली. लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको की यापेक्षा अवघड आज्ञा नाही.

मी परसात उभा राहिलो. चार कोंबड्या, एक पिंजरा. मनाशी म्हटलं, एकदा, फक्त पाहणीपुरतं. निरीक्षक गेला की पुन्हा मोकळ्या. असं म्हणताना मला माझीच लाज वाटली, पण जप्तीपेक्षा लाज बरी. मी वाटीत दाणे घेतले आणि पिंजऱ्यात शिरून "या, या" करायला लागलो. कोंबड्या दाराशी आल्या. मुख्याध्यापिकेने मान वाकडी करून आधी पिंजऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मला कुठल्याही वरिष्ठाने ऐकवलं नव्हतं. मी आणखी आत सरकून वाकलो, पाय मागे गेला, विटेचा तुकडा उडाला, आणि दार खटकन बसलं.

मी आत. कोंबड्या बाहेर.

मी कुलूप ओढून बघितलं. उत्तम होतं. असं कुलूप आमच्या गोदामाला असतं तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं.

आधी काकू आल्या. "अगंबाई, हे काय?"

"काही नाही. तपासतोय."

"आतून?"

मग टेम्पोवाला आला. त्याने पक्कड आणली, कुलपाशी खटपट केली, आणि कुलूप चांगल्या प्रतीचं आहे असा अभिप्राय दिला. मोजणीदारांनी दाराची लांबी-रुंदी घेतली आणि पाइप नेमका कुठे कापावा लागेल ते सांगितलं. काकूंनी जाळीतून पाण्याचा पेला द्यायचा प्रयत्न केला. पेला गेला नाही, पाणी आलं. कोणी बिजागऱ्या सोडवा म्हणालं, कोणी तार कापा म्हणालं. कुलूप आतून उचलून बघा, बाहेरून दाबून बघा, तेल सोडा. मी आत बसून सगळ्यांशी सहमत होत होतो. पिंजऱ्यातला माणूस दुसरं काय करणार? शेवटी टेम्पोवाला करवत आणायला गेला, काकू तेल आणायला गेल्या, मोजणीदार चष्मा आणायला गेले, आणि परस एकदम शांत झालं.

मी हललो नाही. कोंबड्या मला विसरून टिपायला लागल्या. आणि मग कोपऱ्यातलं गवत हललं.

साडूंच्या जाळीची ती भेंडोळी. त्यांच्या पोकळीतून आधी एक तोंड बाहेर आलं, लाल डोळ्यांचं, अतिशय शिष्ट. मग सगळं मुंगूस. आपल्याच घराच्या ओसरीवर यावं तसं ते बाहेर आलं, अंग झटकलं, आणि जमिनीला चिकटून चौकशीच्या दिशेने सरकायला लागलं. ना कुत्रा, ना बोका, ना घार. माझ्या कोंबड्या खाणाऱ्याला राहायला जागा साडूंनी पुरवली होती, आणि तीही फुकट. साडूंनी आयुष्यात फुकट दिलेली ही एकमेव वस्तू.

चौकशी त्याच्याकडे बघत होती. पळायचं सोडून बघत होती, नावच तसं.

पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मी ओरडलो आणि उभा राहिलो. पिंजऱ्याचं छत डोक्याला लागलं, हातांनी वरचा पाइप उचलला गेला, आणि मी धावलो. पिंजऱ्यासकट. चारी बाजूंनी जाळी, खाली माझे दोन पाय, असा तो सगळा प्रकार परसातून गर्जना करत मुंगसावर चालून गेला. मुंगसाने त्याच्या आयुष्यात बरंच काही बघितलं असेल, पण माणसाचे पाय असलेला पिंजरा बघितला नसावा. ते उडालं, कुंपणावर आपटलं, आणि काकूंच्या झाडामागे दिसेनासं झालं. कोंबड्या चारी दिशांना पांगल्या. मी वेगात होतो, थांबता आलं नाही. फाटकाशी जाऊन पिंजरा धाडकन जमिनीवर ठेवला तेव्हा समोर बगलेत फाइल धरलेला एक माणूस उभा होता.

"पाहणी," तो म्हणाला.

"या," मी म्हणालो. "मी जरा अडकलोय. किल्ली साडूंकडे आहे. करवत आणायला माणूस गेलाय."

निरीक्षकाने पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. टेम्पोवाला करवत घेऊन, काकू तेल घेऊन, मोजणीदार चष्मा लावून परतले. मागोमाग फाटकातून ही, तिची बहीण आणि साडू आत आले. विजय बघायला हवी होती तेवढी माणसं जमली.

निरीक्षकाने फाइल उघडली, मिटली, आणि अत्यंत थकलेल्या आवाजात विचारलं, "याला तळ नाही ना?"

"तळ?" मी म्हणालो.

"आत्ता तुम्ही हा घेऊन धावलात. उचला आणि खालून निघा की."

टेम्पोवाल्याने करवत पाठीमागे धरली. मोजणीदारांनी खिशातली मोजपट्टी आणखी आत ढकलली. मी आयुष्यभर दारं तपासली. जमीन तपासायची कोणी शिकवलीच नव्हती. मी पिंजरा एका बाजूने उचलला, गुडघ्यांवर बसलो आणि बाहेर आलो. विजारीला लागलेली माती मी झटकली नाही. ती झटकण्यात हार आहे असं वाटलं.

"बरं," निरीक्षक म्हणाला, "आता कोंबड्या आत घाला, मी तसं लिहितो आणि जातो."

साडूंनी किल्ली पुढे केली. चेहऱ्यावर हसू होतं.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"नाही घालणार. साहेब, तळ नाही म्हणून मी खालून बाहेर आलो. मग मुंगूस खालून आत जाणार नाही का? मोकळी असली तर कोंबडी पळेल तरी. या पिंजऱ्यात तिला नुसतं बसून राहायचंय, जेवणाच्या ताटात बसल्यासारखं." मग मी कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि ते मुंगूस राहतं कुठे ते बघा. त्या भेंडोळ्यांत. ती कोणाची आहेत ते यांना विचारा."

सगळ्यांनी साडूंकडे बघितलं. मेव्हणीने सर्वांत आधी बघितलं.

"पिंजरा चालणार नाही, हे खरं," निरीक्षक नाइलाजाने म्हणाला. "पण मग जप्ती..."

"नियम पूर्ण वाचा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "मीही नियमांत नोकरी केलीय. कुठल्याही नियमाच्या शेवटी एक 'किंवा' असतो. तो वाचायचा कंटाळा केला की समोरचा हरतो. वाचा."

निरीक्षकाने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आला. "बंदिस्त जागेत किंवा... जबाबदार व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली." त्याने मान वर केली. "पण काका, प्रत्यक्ष म्हणजे सकाळपासून अंधार पडेपर्यंत. रोज. उठून गेलात आणि मी आलो, तर नेणार."

"लिहा."

"लग्नकार्य, आजारपण, काही असो."

"लिहा म्हणतो ना!"

"एक मिनिट," ही म्हणाली. पदर खोचून ती पुढे आली. मला वाटलं, संपलं. "जबाबदार व्यक्ती दोन लिहिल्या तर चालतील का? दुपारी यांना झोप लागते."

निरीक्षकाने दोन लिहिल्या.

भेंडोळी साडूंना त्याच दिवशी न्यावी लागली. टेम्पोवाल्याने त्यांच्याकडून भाडं घेतलं आणि माझ्याकडून काही घेतलं नाही. मुंगूस मात्र गेलं नाही. आता ते कुंपणापलीकडे कुठेतरी राहतं, कायद्याच्या संरक्षणात. दिवसातून एकदा कुंपणावर येऊन माझ्याकडे बघतं. मी काठी जमिनीवर आपटतो. त्याला हात लावायला बंदी आहे, पण जमिनीवर काठी आपटायला बंदी असलेला कायदा अजून कोणी दाखवलेला नाही. गल्ली हसते, हसू दे. कोंबड्या सुटल्या आणि काका अडकले असं मोजणीदार म्हणतात. म्हणू देत. भाच्याच्या लग्नाला आम्ही दोघं आळीपाळीने गेलो. अक्षता तिने टाकल्या, जेवलो मी. एकही कोंबडी कमी झालेली नाही, आणि उद्या झालीच, तरी उरलेल्या मोकळ्याच राहतील.

काल साडूंचा फोन आला. पिंजरा पडूनच असेल तर परत नेतो म्हणाले, गिऱ्हाईक आलंय. परसात ऊन कडक होतं. मी खुर्चीत बसून राखण करत होतो, मुख्याध्यापिका माझ्या पायाशी माती उकरत होती. फोन हिने घेतला.

"छे, छे, भाऊजी, पडून कसला? रोजच्या वापरात आहे," ती म्हणाली. "वरून चादर टाकली की छान सावली होते. हे आत खुर्ची टाकून बसतात. दार उघडंच असतं हो. पळून जात नाहीत."